डेड स्टॉकमधल्या ८८ कॅसेट

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त,
नागपुरातली एक जुनी शिक्षणसंस्था

स.न.वि.वि.

संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पत्र वाचलं की तुम्हाला कळेलच, आणि बाकीच्यांसमोर तुमची शोभा करायची माझी इच्छा नाही. खुलं पत्र लिहितोय ते एवढ्याचसाठी की याआधीचे दोन अर्ज आवक खिडकीवर शिक्का मारून दिले होते. त्यांचं पुढं काय झालं ते आता त्या खिडकीलाही माहीत नाही.

मागच्या महिन्यात तुमच्या निर्लेखन समितीची, म्हणजे जुनं सामान मोडीत काढणाऱ्या समितीची, यादी सूचनाफलकावर लागली. मोडक्या खुर्च्या, दोन ओव्हरहेड प्रोजेक्टर, कूलरच्या गंजलेल्या बॉड्या, आणि मध्येच एक ओळ: "जुन्या ऑडिओ कॅसेट, नग ११२, निरुपयोगी व दुबार."

त्या ११२ पैकी बहुतेक कॅसेट मी भरलेल्या आहेत.

१९८६ साली मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव सुरू झाला. त्याची हवा इकडे पोचायला वर्ष लागलं. १९८७ च्या हिवाळ्यात तुमच्या खुल्या रंगमंचावर पहिली बँड स्पर्धा झाली. मी तेव्हा सेकंड इयरला. घरचा अँप्लिफायर दुरुस्त करतो एवढ्या भांडवलावर मला साउंडला बसवलं आणि मी आजतागायत साउंडलाच बसलोय. पुढं तोच माझा धंदा झाला. जबलपूर, रायपूर, भिलाई, अमरावतीहून पोरं यायची. सेकंड क्लासच्या डब्यात, ड्रम सतरंजीत गुंडाळून. स्टेशनवरून रिक्षात बास ड्रम मावायचा नाही, मग एक जण तो मांडीवर घेऊन सायकलरिक्षात मागून. १९९९ पर्यंत एक-दोन वर्षांचा खाडा सोडला तर दर हिवाळ्यात स्पर्धा झाली, आणि दर वर्षी मिक्सरच्या बाजूला कॅसेट भरायचा एक डेक लावलेला असायचा. २००१ साली या सगळ्या कॅसेट मी तुमच्या ग्रंथालयाला दिल्या. माझ्या घराचं छत टिनाचं, तुमची इमारत दगडी. तिथं नीट राहतील असं वाटलं. ग्रंथपालांनी सहीशिक्क्याची पोच दिली होती. ती पोच माझ्याकडे आहे. तिच्यावर लिहिलंय, "जतनासाठी स्वीकारले."

यादी वाचली त्याच दिवशी मी भांडारात गेलो. कॅसेट स्टेजखालच्या खोलीत, जिन्याच्या अंगाला, सिमेंटच्या पोत्यांत भरून ठेवल्या होत्या. भांडारपाल भला माणूस आहे, त्याच्यावर राग नाही. तो म्हणाला, "सर, हे कायले ठेवून राहिले इतकी वर्षं? वाजवाले मशीनच नाही आपल्यापाशी." आम्ही दोघांनी खाली बसून मोजल्या. ८८ भरल्या. उरलेल्या २४ आदल्या आठवड्यात प्लास्टिकबरोबर किलोवर गेल्या, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावातली इडापिडा बाहेर काढतो, तशी ही माझी इतक्या हिवाळ्यांची कमाई तुम्ही वेशीबाहेर काढलीत. मारबतीला निदान वाजतगाजत नेतात.

आता माझी तक्रार एकेक करून सांगतो.

सगळ्यात जास्त लागला तो यादीतला "दुबार" हा शब्द. समितीतल्या कोणीतरी लेबलं वाचली असणार. एकाच तारखेच्या, एकाच बँडच्या दोन-दोन कॅसेट दिसल्या, म्हणजे एक जादा, असा हिशेब लागला. त्या दुबार नाहीत हो. एक बोर्डाची आहे आणि एक पब्लिकमधली.

बोर्डाची म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेली. ती स्वच्छ असते पण खोटं बोलते. छोट्या मंचावर गिटारचा अँप आणि ड्रम यांचा आवाज मुळातच इतका असतो की आम्ही ते स्पीकरवर जेमतेम चढवायचो. त्यामुळं बोर्डाच्या टेपवर गायक कानाशी येऊन ओरडतो आणि ड्रमर शेजारच्या गल्लीत वाजवतोय असं वाटतं. पब्लिकमधली टेप उलटी. तिच्यात खोकला आहे, "अबे खाली बस ना बे" आहे, पण त्या रात्री मैदानात जे ऐकू आलं ते तिच्यातच आहे. जाणकार दोन्ही एकमेकांशी जुळवून तिसरं मिश्रण करतात. एक फेकलीत की दुसरी अर्धी होते.

१९९२ च्या अंतिम फेरीचं सांगतो. भिलाईचा बँड होता, शेवटचं गाणं चालू होतं आणि लाइट गेले. माझा डेक मेनवर, तो मेला. स्पीकर मेले. बोर्डाच्या कॅसेटवर एक "घुंss" असा खाली घसरणारा आवाज आहे आणि मग काही नाही. पण माझ्या एका मित्राच्या भावानं मस्कतहून सोनीचा व्यावसायिक वॉकमन आणला होता, डब्ल्यूएम-डी६सी. तो चार पेन्सिल सेलवर चालायचा. आम्ही दोन माइक बांबूला बांधून मैदानाच्या मधोमध उभे केले होते. त्यामुळं त्या कॅसेटवर पुढची साडेचार मिनिटं आहेत. काळोखात ड्रमर थांबलाच नाही. आधी शिट्ट्या, मग लोक टाळ्यांनी त्याच्या लयीत आले, मग कोणीतरी पत्र्याचं बाकडं वाजवायला लागलं. शेवटी मागं जनरेटर डग-डग-डग सुरू होतो, आणि तो गडी जनरेटरची लय पकडून तिच्यावर संपवतो. मी पस्तीस वर्षं या धंद्यात आहे, यापेक्षा चांगला सोलो मी नागपुरात ऐकलेला नाही. तुमच्या यादीप्रमाणे ही कॅसेट "दुबार" आहे.

ती ८८ मध्ये सापडली नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. चुंबकीय फितीला थंड आणि कोरडी जागा लागते. तुम्ही तिला स्टेजच्या स्लॅबखाली ठेवलंत. नागपूरचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला तर आपण नुसतं "आज जरा जास्तच आहे" म्हणतो. त्यावर कडी म्हणजे शेजारच्या खोलीचा कूलर. खिडकी बंद, मधलं दार उघडं, त्यामुळं चार महिने ओली हवा सरळ पोत्यांवर. फितीवरचं चुंबकीय चूर्ण ज्या चिकट थरात बसवलेलं असतं तो थर दमट हवेतलं पाणी शोषतो आणि हळूहळू सुटतो. वरून बुरशी. काही कॅसेटच्या काचेतून मला पांढरी जाळी दिसली. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून तुमच्या ग्रंथालयात औषध मारतात. कॅसेट त्याच ग्रंथालयाच्या पोचेवर आल्या होत्या, मग त्या भांडारात कशा गेल्या आणि डेड स्टॉक रजिस्टरवर कोणी चढवल्या?

आणि "निरुपयोगी". हा शब्द न ऐकता लिहिलाय, एवढं मी छातीठोक सांगतो, कारण मशीनच नाही. मी भांडारपालाला विचारून, रजिस्टरवर सही करून एक कॅसेट घरी आणली. १९९४ ची, वरून सगळ्यात वाईट दिसणारी. आत फितीला हेडवर, म्हणजे डेकच्या फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडा असतो, तो गोंद वाळून गळून पडला होता. पाचही स्क्रू काढले, दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या नव्या खोक्यात बसवल्या, फीत एकदा पुढं एकदा मागं नुसती फिरवून घेतली. मग लावली. आवाज आला, पण गोधडीखालून आल्यासारखा. वीस वर्षांपूर्वी मीसुद्धा म्हणालो असतो, गेली. पण दोष फितीत नव्हता. ज्या डेकवर ती भरली त्याचं हेड किंचित तिरकं होतं, आणि आताचं हेड सरळ. हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो घड्याळजीच्या पेचकसनं पाव फेऱ्याहूनही कमी, अगदी केसभर फिरवायचा. फिरवला. गोधडी निघाली. झांजा चमकल्या, गायकाचा श्वास ऐकू आला, आणि गाणं संपताना मागं कोणीतरी, बहुधा मीच, "अरे मॉनिटर कमी कर" म्हणतोय. मी हेडफोन काढून चहा टाकायला उठलो, कारण पुढं काही सुचेना.

(डॉल्बीचं बटण कुठल्या कॅसेटला दाबायचं तेही लेबलवर लिहिलंय. नुसतं "डॉल्बी" वाचून कोणी घाबरू नका. आता डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतली भिंत आठवते. कॅसेटवरचं डॉल्बी म्हणजे फितीची सूं-सूं कमी करणारं एक गरीब सर्किट.)

तिसरं कारण तुमच्या कार्यालयात मला तोंडी सांगितलं गेलं: "कॉपीराइटचं लफडं नको." हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. वाजवणाऱ्या कलाकाराला १९९४ च्या दुरुस्तीनं आपल्या कायद्यात स्वतःचा हक्क मिळाला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षं झाली. त्या पोरांना न विचारता त्यांचं वाजवणं जगभर पसरवायचा हक्क ना तुम्हाला, ना मला. शिवाय निम्मी गाणी परदेशी बँडची, त्यांचे गीतकार-संगीतकार वेगळे. पण म्हणून फेकून द्या, असं कायदा कुठंच म्हणत नाही. उलट २०१२ च्या दुरुस्तीनं ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत आपल्याजवळ असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली. तुमचं ग्रंथालय त्या व्याख्येत कसं बसवायचं ते संस्थेच्या वकिलांना विचारा; संस्थेकडे वकिलांची कमी नाही. जपणं आणि वाटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली आज चढता येते.

पण दुसरी पायरी कधीच चढायची नाही असं ठरवलंत तर पहिलीलाही अर्थ नाही, हेही सांगतो. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता. लोक कार्यक्रमात टेप भरायचे, आणि बँडवाले त्यांना अडवायचे नाहीत. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर रेकॉर्डिंगवाल्यांना मैदानात वेगळी जागाच दिली. अट एकच, विकायचं नाही. अदलाबदल करा, वाटा. त्यांची एक साउंड इंजिनीअर होती, बेटी कँटर-जॅक्सन. तिनं बोर्डावरून भरलेल्या शेकडो टेप एका भाड्याच्या गोदामात होत्या. भाडं थकलं आणि ऐंशीच्या दशकात गोदामवाल्यानं माल लिलावात काढला. अनोळखी लोकांनी उचलला, कित्येक टेपना बुरशी लागली, आणि शेवटी हौशी लोकांनी घरी बसून त्या साफ करून वाजवल्या, वाटल्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या ८ मे १९७७ च्या त्यांच्या मैफिलीची टेप त्यातलीच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०११ च्या यादीत ती घेतली. म्हणजे ज्या वस्तूला गोदामवाल्यानं भंगार ठरवलं ती राष्ट्राचा ठेवा ठरली. तुमचं भांडार आणि ते गोदाम यांत मला फार फरक दिसत नाही.

इतक्या लांब कशाला जाता? आपल्याकडं हे काम रसिकांनी कधीपासून केलंय. ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्सला आहे त्या वसंतराव देशपांड्यांच्या कितीतरी घरगुती मैफिली आज कानावर येतात त्या कोण्या कंपनीमुळं नाही. कोणीतरी स्पूलचा रेकॉर्डर उचलून दिवाणखान्यात नेला, गाणाऱ्याला विचारून कोपऱ्यात ठेवला, आणि नंतर ज्यानं मागितली त्याला प्रत भरून दिली. रॉकचंही तसंच आहे. सिमला बीट या बँड स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या दोन तबकड्या निघाल्या नसत्या तर त्या काळी आपल्या शहरांतली पोरं काय वाजवत होती हे आज कोणाच्या बापाला कळलं नसतं. नागपूरची तबकडी निघाली नाही. नागपूरच्या त्या ८८ कॅसेट आहेत.

माझा दोषही लपवत नाही. १९९० च्या उपांत्य फेरीच्या एका कॅसेटची बी बाजू मी स्वतः पुसलीय. पुसली जाऊ नये म्हणून कडेचे कान तोडून ठेवले होते. भावाच्या साखरपुड्याला कोरी कॅसेट मिळेना म्हणून त्या भोकांवर सेलोटेप चिकटवली आणि वरून भरलं. आता त्या बाजूला जबलपूरच्या पोरांच्या जागी आमची आत्या उखाणा घेते. म्हणून मला माहीत आहे की हे दुष्टपणानं होत नाही. "याचं काय एवढं" एवढ्या एका विचारानं होतं.

वेळही फार नाही. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमानं ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर फितींविषयी इशाऱ्याची मोहीमच काढली होती: २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती नेहमीच्या पद्धतीनं डिजिटलमध्ये उतरवून घेणं थांबेल, कारण चालू डेक, सुटे भाग आणि ते हाताळणारी माणसं तिन्ही संपत आलीत. मी सिताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत डेकचा रबरी पट्टा शोधत हिंडतो तेव्हा नवी पोरं मला मोबाइलचं कव्हर दाखवतात. माझ्याकडे दोन चालू डेक आहेत. तिसरा सुट्या भागांसाठी उघडून ठेवलाय.

तर माझ्या मागण्या:

१. निर्लेखन यादीतली ती ओळ या आठवड्यात लेखी रद्द करा. कॅसेट डेड स्टॉकवरून काढून ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत घ्या. तोवर पोती स्टेजखालून हलवा. पोती नकोतच, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, उभ्या.

२. ज्या भंगारवाल्याला २४ कॅसेट गेल्या त्याचं नाव पावतीवर असेल. मला द्या. मी स्वतः जाऊन बघतो, मिळाल्या तर पैसे माझे.

३. ८८ कॅसेट उतरवून घेऊ द्या. एक पैसाही मागत नाही. एक कॅसेट ९० मिनिटांची धरली तर १३२ तास. दोन डेक एकदम लावून रोज संध्याकाळी तीन तास बसलो तर २२ दिवस, बुरशीवाल्यांना वरचे थोडे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला घेतलं तर सगळं मिळून २७५ जीबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कवर अर्ध्याहून जास्त जागा उरते. प्रती तीन करायच्या: एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, एक गावाबाहेर. आणि मूळ प्रत एमपी३ मध्ये दाबून ठेवायची नाही. एमपी३ नं एकदा टाकलेलं परत येत नाही. फ्लॅकमध्ये ठेवलं तर जागा वाचते आणि काहीच जात नाही.

४. उतरवून झालं की मूळ कॅसेट फेकायच्या नाहीत. "आता डिजिटल झालं ना" हे वाक्य मी आत्तापासून ऐकतोय.

५. वाजवणाऱ्यांना शोधू. लेबलांवर गावं आणि कॉलेजं आहेत, माझ्या जुन्या वहीत पत्ते आहेत, उरलेलं हे पत्र करील. जे हो म्हणतील त्यांची स्वतःची गाणी सर्वांना मोफत ऐकायला ठेवा. जे नाही म्हणतील त्यांची बंद ठेवा. परदेशी गाण्यांचं वाजवणं फक्त ग्रंथालयात बसून, हेडफोनवर. विक्री कशाचीच नाही, संस्थेच्या शताब्दीची सीडी वगैरेही नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांत त्या मंचावर वाजवलेले कोणी असाल, किंवा पब्लिकमध्ये बसून स्वतःची टेप भरलेले कोणी असाल, तर घरचा माळा तपासा. १९९२ ची भिलाईच्या बँडची प्रत मी तेव्हा दोघा-तिघांना भरून दिली होती. कोणाला ते मला आठवत नाही. कॅसेट हिरव्या लेबलाची, ९० ची, ए बाजूवर माझ्या अक्षरात "लाइट गेले" असं लिहिलेलं. सापडली तर कृपा करून वाजवून बघू नका. जुन्या डेकमध्ये फीत गुंडाळली तर संपलं. तशीच आणून द्या.

विश्वस्तांना शेवटचं. मी संध्याकाळी पाचनंतर रोज येऊ शकतो, कार्यक्रम असेल तो दिवस सोडून. डेक माझे, वायरी माझ्या, हार्ड डिस्कही मी घेतलीय. मला एक टेबल, अर्थिंग नीट असलेला एक प्लगपॉइंट आणि खोलीची किल्ली द्या. आणि तो शेजारचा कूलर तेवढा बंद ठेवायला सांगा.

आपला,
तुमचाच एक माजी विद्यार्थी,
साउंडवाला
नागपूर